शंकेचे दाणे

कारखान्याचे मालक आप्पा शेट्यांनी कागदावरचं नाव वाचलं, तेव्हा मालन गुरवला वाटलं की ते दुसऱ्याच कुणाच्या जागी चुकून वाचलं गेलंय. निवडणीच्या हॉलमध्ये एकेचाळीस बायका फरशीवर बसल्या होत्या. रोज त्यांच्यापुढं बेदाण्याचे ढीग असायचे, त्या दिवशी काहीच नव्हतं. भिंतीकडेला नवं यंत्र उभं होतं, अजून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं.

"मालन शिवाजी गुरव," आप्पांनी पुन्हा वाचलं. "राहणार ती एकटी. बाकीच्यांनी भत्त्याचे अर्ज आजच भरून द्या. तालुक्याचा माणूस आलाय."

मालनच्या डाव्या हाताला हलीमाभाभी मुलाणी बसली होती. गेली एकोणीस वर्षं ती तिथंच बसत आली होती. तिनं मालनच्या गुडघ्याला धक्का दिला.

"अगं ऊठ की. तुझं नाव घेतलंय."

मालन उठली. तोंड उघडायची वेळ हीच होती, हे तिला तेव्हाच कळत होतं. पण आप्पांनी तिच्या हातात कागद दिला, तालुक्याच्या माणसानं अंगठ्याचा ठसा घेतला, आणि ती काही बोलली नाही.

कायदा तसा कुणालाच पुरता पटलेला नव्हता. मुंबईत दोन वर्षं त्यावर वाद झाला. एक बाजू म्हणत होती, ज्याच्या कामासाठी घाम गाळला त्यानंच माणूस जगेल इतका दाम दिला पाहिजे, तेव्हा किमान मजुरी वाढवा. दुसरी बाजू म्हणत होती, मजुरी बळंच वाढवली की मालक यंत्र आणणार आणि माणूस रस्त्यावर येणार. त्यापेक्षा नफ्यावर आणि यंत्रांवर कर बसवा आणि त्यातून लोकांच्या पोटापाण्याची सोय सरकारनं करावी. शेवटी दोन्हीकडचं अर्धंअर्धं घेऊन एक कायदा झाला आणि तीन वर्षं तो सांगली जिल्ह्यात लावून बघायचं ठरलं. किमान मजुरी दुप्पट झाली. स्वयंचलित यंत्र आणणाऱ्या कारखान्यानं निदान एक माणूस तरी त्या मजुरीवर ठेवायचाच, आणि ज्यांचं काम गेलं त्यांना यंत्रकरातून दरमहा निर्वाहभत्ता. भत्ता घेणाऱ्यानं मात्र कुठंही मजुरी करायची नाही. चोरून काम होऊ नये म्हणून कारखान्यांच्या फाटकांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे लागले. भत्त्यावरची बाई नुसती गप्पा मारायला आत गेली, तरी यंत्रणेच्या लेखी ती कामाला आली आणि तिचा भत्ता बंद झाला.

तासगावपासून अकरा किलोमीटरवरच्या हिंगणवाडीत हे सगळं पोचलं ते हातमोज्यांच्या रूपानं. नावं वाचली जायच्या आधी तीन महिने, शर्वरी नावाची पुण्याची इंजिनिअर मुलगी खोकंभर पातळ करडे मोजे घेऊन आली होती. प्रत्येकीनं ते घालून बेदाणा निवडायचा. कुठल्या बोटानं किती दाब दिला, दाणा उचलायला किती वेळ लागला, चांगल्यात टाकला की खराबात, सगळं त्या मोज्यांत नोंदलं जायचं. त्यावरून यंत्र निवडणी शिकणार होतं, आणि ठेवायची ती एक बाईसुद्धा त्यावरूनच ठरणार होती.

"सगळ्यात चांगली कोण, हे कसं कळणार गं पोरी?" हलीमाभाभीनं विचारलं होतं.

"चांगली-वाईट नाही बघत आम्ही, भाभी. बरोबर उत्तर आमच्याकडे तरी कुठंय? तेच तेच दाणे पुन्हा पुन्हा तुमच्यापुढं येणार. सकाळी जो दाणा चांगला म्हणालात, तोच संध्याकाळी चांगला म्हणता का, एवढंच बघतो. जिचा हात एकसारखा, ती."

मालनचा हात एकसारखा निघाला. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा. हलीमाभाभीचा त्र्याहत्तर. नावामागोमाग हे आकडेही त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचले गेले.

हे कशामुळं झालं, ते जगात फक्त मालनला माहीत होतं. कामाला लागली त्या वर्षापासून, एखादा दाणा चांगला की वाईट ते कळेना झालं, की ती तो करंगळीनं हळूच डावीकडं सरकवायची, हलीमाभाभीच्या ढिगात. सुरुवातीला शिकाऊ म्हणून, नंतर सवय म्हणून. भाभीच्या ते ध्यानात आलंच नाही. तिचा ढीग तेवढा उशिरा संपायचा आणि सगळ्या म्हणायच्या, भाभीचा हात जरा जड आहे. मोजे घातल्यावरही मालनची करंगळी थांबली नाही. सोपे दाणे मालनच्या वाट्याला आले आणि अवघड सगळे भाभीच्या.

आणि आता नेमकं अवघड दाण्यांचंच काम मालनला मिळालं होतं.

शर्वरीनं तिला यंत्र पहिल्याच दिवशी समजावून दिलं. पट्ट्यावरून दाणे धावतात. त्यांच्यावर दिव्याचा झोत पडतो, पण त्यातला बराचसा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. त्यातला एक भाग पाणी गिळतं, एक भाग साखर, एक भाग बुरशी. दाण्यावरून परत आलेल्या उजेडात कुठला भाग किती कमी झाला, ते कॅमेरा मोजतो आणि दाण्यात काय दडलंय ते ओळखतो. पापणी लवेपर्यंत शंभर दाणे होतात. खराब दिसला की खालून हवेची फुंकर येते आणि तो बाजूला उडतो.

"आणि त्याला कळलं न्हाई तर?"

"तर तो दाणा तुमच्याकडे येईल." शर्वरीनं यंत्राच्या पोटाशी असलेला स्टीलचा ट्रे दाखवला. "हा शंकेचा ट्रे. यातला एकेक दाणा उचलायचा, बघायचं, आणि हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. तुमचं उत्तर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी तसा दाणा आला की विचारत नाही."

"म्हंजे मी जितकं सांगीन तितकं माझं काम कमी."

शर्वरी जरा गडबडली. "काम कमी झालं तरी मजुरी कमी नाही होणार, मालनताई. कायदाच आहे तसा."

ते खरं होतं. मजुरी वेळच्या वेळी आली. मालननं घरावर नवे पत्रे घातले, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. तिकडं तमिळनाडूत, होसूरला कारखान्यात असलेला मुलगा, अमर, दर रविवारी फोन करायचा आणि म्हणायचा, "आई, तुझा पगार माझ्याएवढा झाला की गं." ती हसायची.

पण हॉलमध्ये ती एकटी होती. पहिल्या महिन्यात ट्रे दिवसातून सहादा भरायचा. यंत्राचा आवाज एकसुरी, हवेच्या फुंकरांचा, जसं कुणी सतत ओठांनी चुक् चुक् करतंय. दुपारी डबा उघडला की ती अजून डावीकडं सरकून जागा करायची, मग तिच्या लक्षात यायचं. एकेचाळीस जणींच्या डब्यांतून एकेचाळीस कालवणं फिरायची तेव्हा स्वतःच्या घरचं कधी पुरतं खाल्लं गेलं नव्हतं. आता सगळं संपवावं लागायचं. चौथ्या महिन्यापासून ती यंत्राशी मोठ्यानं बोलायला लागली. "हा घे, लाल. हा चांगलाय की रं, डोळं फुटलं का तुझं?" आप्पा एकदा दारात उभं राहून ऐकत होते. ते निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमध्ये रेडिओ आणून ठेवला.

संध्याकाळी ती पिराच्या गल्लीत परतायची, तेव्हा तिथली बैठक उठलेली असायची. भत्त्यावरच्या बायका दुपारी लिंबाखाली जमायच्या. मालन सुट्टीदिवशी गेली की बोलणं जरा थांबायचं. कुणी वाईट वागलं नाही. पण भत्त्याच्या गोष्टी निघायच्या, कुणाचा चेहरा जुळला नाही म्हणून कुणाचे तीन महिने अडकले, कोण तालुक्याला खेटे घालतंय, आणि मग कुणीतरी म्हणायची, "मालनला काय त्याचं? तिचं बरं हाय." मग मालन पदर झटकून घरी यायची.

हलीमाभाभी त्या बैठकीत फारशी नसायची. कधी दिसलीच तर मालनला विचारायची, "कसं काय, जमतंय न्हवं?" आणि मालन म्हणायची, "जमतंय." दोघींची घरं सहा दारांच्या अंतरावर. अडीच वर्षांत याहून जास्त बोलणं झालं नाही. मालन टाळत होती, आणि भाभी का बोलत नाही हे विचारायची तिला भीती वाटत होती.

लाल की हिरवं, हे ती अंदाजानंच दाबत होती. पहिली दोन वर्षं त्याचं काही बिघडलं नाही. हवा कोरडी होती, माल खणखणीत वाळला, आणि ट्रेमधले दाणे इकडं पडले काय नि तिकडं पडले काय, फार फरक नव्हता. ट्रे उतरत गेला. सहादाचा एकदा झाला, मग दिवसाकाठी वाटीभर. यंत्र तिच्यावर विश्वास ठेवून शहाणं होत चाललं होतं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत धुकं पडलं. नऊ दिवस सूर्य धड दिसला नाही. शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं वाळता वाळेनात. मार्चमध्ये तो माल पट्ट्यावर आला आणि ट्रे पुन्हा भरायला लागला. मालननं दाणा चिमटीत धरला. दिसायला सुरेख, हिरवा, सालीला सुरकुती नीट. पण काहीतरी वेगळं होतं. एकोणीस वर्षांची करंगळी डावीकडं वळली. तिकडं गार फरशी होती. मालननं हिरवं बटण दाबलं. दुसऱ्यालाही हिरवं. चार दिवसांत यंत्रानं विचारायचं थांबवलं.

मे महिन्यात परदेशी गेलेला एक कंटेनर परत आला. आप्पांनी हॉलमध्ये आणून खोकं फोडलं आणि आंबूस वास पसरला. तळाचे दाणे एकमेकांना चिकटून काळे पडले होते.

"यंत्र बिघडलं का गं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते घाबरलेले होते. "शर्वरीला बोलावलंय. पण तुला काय वाटतं?"

मालननं ओटीत दोन मुठी दाणे घेतले, गोदामात राहिलेल्या त्याच मालातले, आणि ती भर दुपारी हॉल सोडून निघाली. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

हलीमाभाभी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिची सून नसीम समोर सुपात तांदूळ निवडत होती. मालनला अवेळी बघून दोघी चपापल्या.

"भाभी, जरा हे बघा की." मालननं दाणे तिच्यापुढं ओतले.

भाभीनं हात मागं घेतला. "मला नको दावू. माझा हात गेलाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या यंत्रानंच की. शंभरात त्र्याहत्तर. नव्यानं आलेल्या पोरीबी माझ्या वर होत्या." ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "डॉक्टरला इचारलं. तो म्हणाला, साखरेच्या दुखण्यात बोटं बधिर व्हतात, कळत न्हाई माणसाला. तवापासनं मी घरात तांदूळबी निवडला न्हाई. नसीमच बघती. खडा ऱ्हायला नि पोराच्या दाताखाली आला, तर?"

मालन ओसरीच्या पायरीवरच बसली. हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. भाभीची मजुरी गेली, याचं ओझं ती वागवत आली होती, आणि महिन्याच्या महिन्याला भत्ता येतोय म्हणून ते हलकंही करून घेत होती.

"भाभी, तुमचा हात न्हाई गेला. मी माझे शंकेचे दाणे तुमच्या ढिगात सारायची."

"काय?"

"पहिल्यापासनं. करंगळीनं. मला कळंना झालं की तुमच्याकडं. मोजे घातले तवाबी. अवघड तेवढं सगळं तुमच्याकडं आलं, म्हणून तुमचा आकडा पडला. त्या दिशी नाव पुकारलं तवा मला ठावं हुतं. मी बोलले न्हाई."

नसीमच्या सुपातला हात थांबला. भाभीनं आपले हात उलटेपालटे करून बघितले.

"अडीच वर्षं," ती म्हणाली. "अडीच वर्षं मी या बोटांकडं बघत बसले व्हय गं?"

भाभी पुढं सरकली. तिनं एक दाणा उचलला, अंगठा आणि मधल्या बोटात हलकेच दाबला आणि सोडला. मग दुसरा. पहिले पाचसहा दाणे तिनं सावकाश बघितले, जसं अनोळखी वाटेवर पाऊल टाकावं. नंतर तिचा हात सुटला. दोन मुठींचे दोन ढीग व्हायला काही वेळ लागला नाही.

"ह्यो आतनं ओला हाय," ती मोठ्या ढिगाकडं बोट करून म्हणाली. "साल आधी वाळली, पाणी आत कोंडलं. दाबून सोडला की उशिरा उठतो. धुक्याचा माल हाय, न्हवं?"

"व्हय."

"कोरड्या दिवसाला वेगळं दाबावं लागतं, दमट दिवसाला वेगळं. रोज एकसारखा दाबून कसं चालंल?" ती हे मालनला सांगत नव्हती. मग तिनं मान वर केली. "आता जा तू. मला तुझं तोंड बघवत न्हाई."

शर्वरी दुसऱ्या दिवशी आली. मालननं तिला आणि आप्पांना एकत्रच सगळं सांगितलं. आप्पा डोक्याला हात लावून बसले. शर्वरीनं लॅपटॉप उघडला आणि जुन्या मोज्यांच्या नोंदी काढल्या. तासाभरानं ती म्हणाली, "इथं आहे सगळं. दर पन्नाससाठ दाण्यांमागं करंगळी डावीकडं वळते. आम्ही फक्त अंगठा आणि पहिली दोन बोटं हिशेबात धरली होती. करंगळीला काही अर्थ असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही." तिनं दुसरी नोंद उघडली. "आणि हलीमाभाभींचा दाब त्या त्या दिवसाच्या हवेतल्या ओलाव्याप्रमाणं बदलतोय. आम्ही त्याला चंचल म्हटलं. त्या दाण्याबरोबर हवाही मोजत होत्या. आमचा दिवा वरच्या थरातलं पाणी बघतो. गाभ्यातलं नाही."

"मग आता?" आप्पांनी विचारलं.

"भाभींनी शिकवलं तर महिन्याभरात सुधारेल."

"तिला आत आणली तर तिचा भत्ता बंद. आणि या मजुरीवर दोघी मला परवडत न्हाईत." आप्पांनी मालनकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"एकीच्या जागी दुसरी घेता येती का?" मालननं विचारलं.

"येते," शर्वरी म्हणाली. "पण कारण लिहून द्यावं लागेल. आणि सोडणाऱ्याला सहा महिने भत्ता मिळत नाही."

त्याच आठवड्यात तासगावला जनसुनावणी होती. तीन वर्षं संपत आली होती आणि मुंबईहून समिती आली होती. अध्यक्ष डॉक्टर केळुसकर बाई, अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. पांढरे केस, शांत आवाज, समोर पाण्याची बाटली. बाजार समितीच्या सभागृहात तीनशे माणूस होतं. बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या, मजुरी वाढवावी की भत्ता वाढवावा?

आप्पा उभे राहिले. "बाई, खोटं कशाला बोलू? मजुरी दुप्पट झाली त्याच दिवशी मी यंत्राची ऑर्डर दिली. आधी चाळीस बायकांना कमी देत होतो, पण देत होतो."

युनियनचे जुने पुढारी कोळेकर उठले. "कमी देत होता हे आप्पांनी कबूल केलं, बरं झालं. बाई, मजुरी थकली तर आम्ही मालकाच्या दारात जाऊन बसू शकतो. भत्ता थकला तर बसायचं कुणाच्या दारात?"

मागून पिराच्या गल्लीतली सखू ओरडली, "भत्त्यानंच माझ्या पोरीचं कॉलेज झालं! त्याला नावं ठेवू नगा. फकस्त तीन तीन म्हैने अडकवू नगा!"

मालनचं नाव घेतलं गेलं, तेव्हा हलीमाभाभी बायकांच्या रांगेत दुसऱ्या टोकाला बसलेली तिला दिसली. मालन माईकपुढं गेली.

"मजुरी का भत्ता, ते मला न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "माझी जागा हलीमा मुलाणींची हाय. मोजणी चुकली, ती माझ्यामुळं. मी माझं अवघड काम त्यांच्याकडं ढकलत हुते. त्यांचा हात आमच्या सगळ्यांत चांगला. हे सगळ्यांसमोर सांगायचं हुतं. चौघांत बोलून उपयोग न्हाई, कारण त्यांचा आकडा सगळ्यांसमोर वाचला गेलाय."

सभागृहात कुजबुज झाली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "हे आपल्या विषयात येत नाही." केळुसकर बाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

"जागा सोडलीत तर सहा महिने तुम्हाला ना मजुरी, ना भत्ता. माहीत आहे?"

"व्हय."

"मग नुकसान तुमचंच होतंय."

"हुईल की," मालन म्हणाली. ती जागेवर येऊन बसली. शेजारची बाई किंचित सरकली. जागा देण्यासाठी की दूर होण्यासाठी, ते मालनला कळलं नाही.

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढं पावसाळ्यात समितीचा अहवाल आला. आणखी अभ्यासाची गरज आहे, तोवर दोन वर्षं मुदतवाढ, असं त्यात होतं. मालनचं नाव त्यात कुठं नव्हतं.

जागा बदलायचा कागद पंधरा दिवसांत झाला. भाभी कामावर गेली. पिराच्या गल्लीत त्याची चर्चा आठवडाभर चालली आणि संपली. कुणी मालनला लबाड म्हणालं, कुणी वेडी म्हणालं. तिच्याशी मात्र कुणी काही बोललं नाही. ती लिंबाखाली एकदा जाऊन बसली. बायका चांगल्या बोलल्या, पाणी दिलं, पण आपली गोष्ट कुणी तिला सांगेना. दुपार एवढी लांब असते, हे तिला पहिल्यांदा कळलं. अमर फोनवर म्हणाला, "इकडं ये होसूरला." ती म्हणाली, "बघू."

भाभी तिच्या दारात आली ती कामावर लागल्याला दहा दिवस झाल्यावर, संध्याकाळी. आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली.

"बसा की, भाभी. च्या टाकते."

"नको. मी माफ करायला न्हाई आले."

"बरं."

"एक इचारायला आले." भाभीनं चौकटीला हात लावला. "तिथं दिवसभर फुस् फुस् आवाज येतो. दाणा उचलायचा, बटण दाबायचं. आज एक दाणा लई वेगळा निघाला, गुलाबी, जुळा, दोन दाणे एकात वाळलेले. एकोणीस वर्षांत तसला बघितला न्हवता. मी म्हणलं, हे बघा गं... आणि बघते तर कोण न्हाई. रेडिओवर बाजारभाव सांगत हुते. तू अडीच वर्षं कशी बसलीस गं तिथं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा, म्हणून मालन अडीच वर्षं थांबली होती. विचारला गेला तेव्हा तिच्या तोंडात आलं ते भलतंच होतं.

"मी बोलायची. यंत्राशी. मग तुमच्याशी."

"माझ्याशी?"

"तुमी बाजूला हाय असं धरून. तुमी भांडायचा लई."

"भांडणारच," भाभी म्हणाली. ती हसली नाही, पण लगेच गेलीही नाही. मग कनवटीला हात घालून तिनं एक किल्ली काढली आणि मालनपुढं धरली. "नसीम कुपवाडला कामाला लागलीय. घरात दुपारी कोण नसतं. तिसऱ्या दिशी एकला पाणी येतं, ते भरून ठेवशील का? पिंप, दोन घागरी, नि मोरीतला हंडा."

"भरते."

"उद्याच हाय."

"भरते की."

दुसऱ्या दिवशी मालन साडेबारालाच जाऊन बसली. भाभीचं घर रिकामं, नीटनेटकं. एकला नळानं खाकरल्यासारखं केलं, आधी हवा आली, मग गढूळ धार, मग स्वच्छ. तिनं पिंप विसळून भरलं, घागरी घासून भरल्या, हंडा भरला. पाण्याला जोर होता. तिनं तांबे भरले, कळशी भरली, फुटक्या बादलीतही पाणी धरलं आणि ते ओसरीच्या कडेच्या तुळशीएवढ्या मोगऱ्याला घातलं. मग नळ कोरडा झाला. ती पदरानं हात पुसत पायरीवर टेकली.

तेव्हा तिला आठवलं की गल्लीला पाणी एकाच वेळी येतं. कामावर असताना तिचं पाणी सखू भरून ठेवायची. आता ती घरीच असते म्हणून सखूनं सोडून दिलं होतं. तिचं स्वतःचं पिंप कोरडं ठणठणीत होतं, आणि पुढचं पाणी आता तीन दिवसांनी. मालननं भाभीच्या घराला कुलूप लावलं, कडी दोनदा ओढून बघितली आणि किल्ली कनवटीला खोचून ती रिकामी कळशी आणायला घराकडं निघाली. ओढ्याकडच्या हातपंपाला अजून पाणी असेल, तर संध्याकाळपुरतं भागणार होतं.